जयवंता सिस्टरचा डावा हात

अकोला
४ सप्टेंबर २०२४

प्रिय जयवंताआत्या,
सप्रेम जय भीम.

तुझा हुकूम मानला. फोन बंद, पत्र सुरू. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ताईले फोनवर ऐकू येत नाई आताशा, नुसतं घूं घूं होते म्हणते." एकसष्ट हे काय कान जायचं वय आहे? ये एकदा अकोल्याला, आमच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवते. तोवर पोस्टाची पेटी शोधायची पाळी माझ्यावर. सापडली एकदाची, कॉलेजच्या मागच्या गेटाशी. तिच्यात चिमण्यांनी घरटं केलेलं नाही ना, हे आधी वाकून पाहिलं.

आता खरं लिहिते. फोनवर बोलले असते तर रडले असते, म्हणून पत्रच बरं.

मंगळवारी वॉर्डात चतुराबाई म्हणून अकोटच्या एक आजी होत्या. सलाईन लावायचं होतं. मी सात वेळा टोचलं. एकदाही शीर मिळाली नाही. सातव्या वेळी आजी म्हणाल्या, "बाई, तुमी शिकून या, मंग टोचा." सरांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि एका झटक्यात लावून दाखवली. सगळा वॉर्ड पाहत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरला शीर सापडत नाही म्हणजे स्वयंपाक्याला चूल पेटवता येत नाही, असं सर म्हणाले. खरंच आहे ते.

आणि दैव बघ, एमडीच्या प्रबंधाला विषय मिळाला तोही हाच. सोनोग्राफीनं शीर पाहून सुई घालायच्या दोन पद्धती आहेत, त्यांतली बरी कुठली? मुठीत मावणारा एक तुकडा असतो, त्याला प्रोब म्हणतात. जेल लावून तो हातावर ठेवला की आतल्या शिरा पडद्यावर काळ्या दिसतात. प्रोब शिरेला आडवा धरला तर शीर काळ्या बटणासारखी गोल दिसते आणि सुई म्हणजे नुसता पांढरा ठिपका. उभा, म्हणजे शिरेच्या लांबीनं धरला, तर शीर पट्ट्यासारखी दिसते आणि सुईही अख्खी दिसते, पण प्रोब केसभर हलला की दोन्ही गायब. आडवीची फसवणूक वेगळी. तो ठिपका म्हणजे सुईचं टोक असं आपल्याला वाटतं आणि तो असतो सुईचा मधलाच भाग. टोक केव्हाच शिरेची मागची भिंत फोडून पार गेलेलं असतं.

एकशे वीस पेशंट करायचेत, सगळे न सापडणाऱ्या शिरांचे. प्रत्येकाच्या नावाचं बंद पाकीट. आत चिठ्ठी असते, 'आडवी' किंवा 'उभी', निघेल तसं करायचं. मला दोन्ही जमत नाहीत.

आत्या, मी सोडून द्यायचं म्हणतेय. अर्ज लिहून ठेवलाय, तारीख तेवढी घातलेली नाही. बाबांना सांगू नकोस. दर्यापूरच्या शाळेत ते अजून पोरांना माझा फोटो दाखवतात. तू चौतीस वर्षं नर्स होतीस, डोळे मिटून शिरा काढायचीस म्हणे. ते कसं, तेवढं सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
दर्शू


अमरावती
१३ सप्टेंबर २०२४

प्रिय दर्शू,
जय भीम.

तुझं अक्षर अजून वाचता येतं, म्हणजे तू पक्की डॉक्टर झालेली नाहीस. झालीस की सोडून जायचं का ते पाहू.

डोळे मिटून शिरा काढायचे ही लोकांनी उठवलेली हूल. डोळे उघडेच असायचे, पण पाहायचे बोटानं. शीर दाबली की दबते आणि बोट उचललं की वर येते. नस म्हणजे धमनी ठोके देते आणि दाबून दबत नाही. कडक झालेली शीर दोरीसारखी लागते, तिच्या नादी लागायचं नाही. एवढंच ज्ञान. बाकी सराव.

आणि सराव पेशंटवर करायचा नाही. तुझं चुकलं ते तिथं. सरकारी दवाखान्यात माझ्या वॉर्डात नियम होता. नवीन पोरगी आली की पहिली सुई तिनं माझ्या हातात टोचायची. मी स्टुलावर बसायची, उजवा हात पुढे करायची आणि डाव्या हातानं तिचं मनगट धरायची. पोरगी सुई मागे घ्यायची. मी म्हणायची, "घे वं, हात घे. मी काही मरत नाई." मेट्रन रागवायच्या, डॉक्टर हसायचे. पण माझ्या वॉर्डातली पोरगी पेशंटला दोनदा टोचत नसे. अशा शे-दोनशे तरी पोरी गेल्या असतील या हातावरून.

तू घरचीच राहिलीस, तुझी सुई काही माझ्या हातावरून गेली नाही. सगळं बिघडलं ते त्याच्यामुळंच.

अशोक विजयादशमीला सुट्टी असेल ना? ये इकडे. ते मशीन हलवता येतं का? येत असेल तर आण. सरांना सांग, अमरावतीला माझी एक म्हातारी प्रयोगशाळा आहे. यंदा मी दीक्षाभूमीला जाणार नाही, गर्दी सोसत नाही आता. प्रथमोपचाराच्या माझ्या टेबलावर यंदा दुसरं कुणी बसेल. सकाळचं फिरणंही सोडलंय, चप्पल फार चावते. जेवणात मीठ कमी असेल, बीपीमुळं. कुरकुर करायची नाही.

अर्जावर तारीख घालू नकोस. आधी माझा हात, मग अर्ज.

तुझी,
आत्या


अकोला
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

झालं! काल चतुराबाईंसारख्याच एका बाईंना, शिरा पार आत गेलेल्या, पहिल्याच टोचण्यात सुई लागली. पाकिटात 'उभी' निघाली होती. शीर दिसली, सुई दिसली, सुई शिरेत शिरताना दिसली. रक्त आलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं "आत्या!" म्हटलं की सिस्टरनी दचकून पाहिलं. सर म्हणाले, "डॉक्टर, आत्या कोण?" मी म्हटलं, माझ्या गुरू.

तुझ्या स्वयंपाकघरातलं ते टेबल डोळ्यांपुढून हलत नाही. लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाइल, त्याला जोडलेला सरांनी विश्वासानं दिलेला तो प्रोब, आणि घडी केलेल्या टॉवेलवर तुझा डावा हात. मी उजवा मागितला तर म्हणालीस, "त्याच्यात काही राह्यलं नाई, पोरींनी संपवला." मग डावा तूच पुढे केलास. दोन दिवसांत अकरा सुया. सहा आडव्या, पाच उभ्या. आडवीत दोनदा मागची भिंत फुटली.

आणि ते तुझं प्रत्येक वेळचं, "दिसली काय वं?"

मी म्हणायची, "दिसली."

"मंग थांबून कावून राह्यली? शीर दिसली की हात थांबत नसते."

आता वॉर्डात कानात तेच ऐकू येतं.

जेल पुसल्यावर तुझा हात कोपरापर्यंत निळा-जांभळा झालेला पाहिला आणि मला लाज वाटली. बर्फ लावलास का? आणि तुझा चेहरा सुजल्यासारखा होता. विचारलं तर दुपारची झोप जास्त झाली म्हणालीस. झोपत जा की थोडी कमी!

अर्ज अजून खणात आहे. पण खाली दाबून ठेवलाय, वर पाकिटं आहेत.

तुझी,
दर्शू


अमरावती
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दर्शू,

उशीर झाला. पेन नीट चालत नाही, अक्षर हललं तर समजून घे.

हात बरा आहे. निळं गेलं. शीर जरा दोरीसारखी लागते, शेकते आहे, जाईल. अशा शेकडो पाहिल्या.

चार-आठ दिवस मी इकडेतिकडे असेन, माझी जुनी विद्यार्थिनी संध्या आहे ना, तिच्याकडे. पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. तू मात्र लिहीत राहा. किती पाकिटं झाली? आणि आडवी जिंकते आहे की उभी? मला खरंच उत्सुकता आहे. निवडणुकीच्या निकालाचीही एवढी नव्हती.

आत्या


अकोला
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

दोन पत्रांना उत्तर नाही. रुसलीस का? बाबांना विचारलं तर म्हणाले, "ताई बरी आहे, संध्याचा फोन होता, म्हणे थंडी लागून राह्यली." थंडीनं पत्र लिहिता येत नाही हे नवीनच कळलं.

एकेचाळीस पाकिटं झाली. कोण जिंकतं ते मलाही माहीत नाही, शेवटी एकदमच मोजायचं असतं. पण गंमत ऐक. परवा लहान मुलांच्या वॉर्डातून बोलावणं आलं, त्यांच्या डॉक्टरांना शीर मिळेना. सर म्हणाले, "प्रियदर्शनीला पाठवा." मला! मी गेले, लावली, आले. जिन्यात थांबून थोडा वेळ नुसती हसले.

काल तो अर्ज फाडला. तुला सांगायचं होतं. तुझ्या त्या डाव्या हातानं मला डॉक्टर ठेवलं, आत्या. हे कुठं लिहून ठेवायचं असतं ते माहीत नाही, म्हणून तुलाच लिहिते.

तुझी,
दर्शू


अमरावती
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय डॉ. प्रियदर्शनी मॅडम,
सविनय जय भीम.

आपली ओळख नाही. मी संध्या, इथं डायलिसिस विभागात स्टाफ नर्स आहे. जयवंता सिस्टरच्या हाताखाली शिकले. माझी पहिली सुई त्यांच्याच हातात गेली होती. हे पत्र मी त्यांना न विचारता लिहिते आहे. कळलं तर त्या माझ्याशी बोलणार नाहीत, पण आता न लिहिणं मला जमत नाही.

मॅडम, सिस्टरच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. मागच्या जून महिन्यातच कळलं होतं. डायलिसिस लागणार हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. त्यासाठी हातातली शीर धमनीला जोडून फुगवावी लागते, ते आपल्याला मी काय सांगणार. उजव्या हातात जोडण्यासारखी शीर उरलेली नव्हती, डाव्यात एक चांगली होती, मनगटापासून कोपरापर्यंत. डॉक्टरांनी त्यांना लाल कार्ड दिलं होतं: डाव्या हाताला सुई लावू नये, रक्त काढू नये, बीपी घेऊ नये. ते कार्ड मीच भरलं होतं. सिस्टर हसून म्हणाल्या होत्या, "माझ्याच पोरीनं मले नियम शिकवला."

नोव्हेंबरात सर्जननी तपासलं तेव्हा ती शीर पूर्ण बंद झालेली होती. डिसेंबरात कोपराच्या वर एक प्रयत्न केला, तो चौथ्या दिवशी बंद पडला. जानेवारीपासून मानेतल्या नळीतून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. नळीला जंतू लागायची भीती असते, ते आपण जाणताच.

हाताला सुया कुणी टोचल्या हे सिस्टर सांगत नव्हत्या. "मीच स्वतः काढून पाह्यलं रक्त," म्हणाल्या. मागच्या आठवड्यात त्यांच्या उशीखाली आपली पत्रं सापडली. वाचली, त्याची माफी मागते.

फोनवर त्यांना सगळं ऐकू येतं, मॅडम. दोन वाक्यांत दम लागतो, तो आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी फोन बंद केला होता.

आपण यावं.

आपली,
संध्या


अकोला
१७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

परवा मी आले तेव्हा तू मशीनला लावलेली होतीस आणि डोळे मिटून होतीस. डोळे उघडून पहिलं काय विचारलंस? "जेवली काय?" मग बाबा आले, दर्यापूरच्या गाडीतून उतरून सरळ, आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्यासमोर मला काही बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

तू झोपेत होतीस तेव्हा मी तुझ्या डाव्या हातावरून बोट फिरवलं. तूच शिकवलंस तसं, दाबून, उचलून. दोरी लागली. मनगटापासून कोपरापर्यंत. ती दोरी मी वळली आहे, आत्या. अकरा पीळ घालून.

मला तुझा इतका राग आलाय की लिहिताना हात थांबत नाही. कार्ड घरात होतं. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले होते आणि कार्ड घरात होतं! एक शब्द बोलली असतीस. "डावा नको" एवढं. मी बाबांच्या हातात टोचलं असतं, स्वतःच्या हातात टोचलं असतं, पायात टोचलं असतं.

आणि माझा राग तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे. तुझी पत्रं काढून वाचली. सगळं त्यांत आहे. चप्पल चावते. मीठ कमी. दीक्षाभूमीला जात नाही. अक्षर हलतं. चेहऱ्यावर सूज तर मी स्वतःच लिहिली आहे, माझ्याच अक्षरात, आणि खाली तुला थट्टेनं कमी झोपायला सांगितलंय. पहिल्या वर्षाच्या पोरीनं ओळखलं असतं. मी दोन दिवस तुझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि पडद्याकडे पाहत होते. तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी सर्जनना भेटले, आमच्या सरांना विचारलं, नागपूरला फोन केले. सगळे तेच सांगतात. बंद शीर उघडत नाही. किडनी बदलायची तर बाबांचा रक्तदाब आणि साखर आड येते, माझा रक्तगट जुळत नाही. यादीत नाव घातलंय. यादी लांब आहे. मी डॉक्टर आहे, आत्या, आणि मला काहीही करता येत नाही. नुसतं येऊन बसता येतं.

कावून केलंस असं? तेवढं सांग.

दर्शू


अमरावती
३ मार्च २०२५

दर्शू,

संध्याशी मी चार दिवस बोलले नाही. मग उशी नीट करायला तीच लागते, म्हणून बोलले.

कावून केलं म्हणतेस. तुझ्या पहिल्या पत्रात अर्ज होता, तारीख न घातलेला. मला पोर नाही, शिकवलेल्या पोरी आहेत, पण त्यांतली एकही डॉक्टर नाही. आपल्या घरात पहिली तू. तुझ्या बाबानं, धर्मपालनं, तुझ्या शिक्षणासाठी काय काय केलं ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. ती पोरगी सात सुया चुकल्या म्हणून घरी जाते? माझ्याच्यानं पाहवलं नसतं. आणि कार्ड दाखवलं असतं तर तू हात लावला नसतास. बाकी कुणाच्या हातात टोचताना तू घाबरली असतीस. माझ्या हाताला तू घाबरली नाहीस, ते मी पाहिलं.

माझा हात मी दिला, तू घेतला नाहीस. हे नीट समजून घे.

पण चुकलं माझंच. चौतीस वर्षं हात देत आले, दर वेळी महिन्या-दीड महिन्यात बरा व्हायचा. वाटलं, आताही होईल, ऑपरेशनला अजून अवकाश आहे. किडनीच्या पेशंटची शीर तशी भरून येत नाही हे मी पोरींना शिकवलेलं आहे. शिकवलेलं आहे! स्वतःला लागू करायचं राहून गेलं. आपण पेशंट झालो हे नर्सच्या ध्यानातच येत नाही.

आता खरं लिहायचंच ठरलंय तर हेही लिहिते. मला भीती वाटते. तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात, मशीन टुंईटुंई करते आणि मी पंख्याकडे पाहत पडून राहते. मानेतली नळी हलू नये म्हणून तोंडही वळवता येत नाही. शेजारच्या बेडवरची माणसं बदलतात. कुठं गेली हे मी विचारत नाही.

तू येऊन बसतेस ते बरं वाटतं. तेवढं पुष्कळ आहे.

पाकिटं थांबवलीस असं संध्या म्हणाली. ती मुकाट्यानं सुरू कर. अकरा सुया मला लागल्या आहेत त्या प्रश्नापायी. आडवी का उभी, ते कळल्याशिवाय मी कुठं जात नाही.

आत्या


अकोला
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

मोजणी झाली. एकशे वीस पाकिटं, साठ आडव्या, साठ उभ्या. पहिल्याच टोचण्यात जमलं ते आडवीत सत्तेचाळीस जणांना, उभीत एकोणपन्नास. संख्याशास्त्राच्या मॅडमनी दोनदा तपासलं. फरक नाही. ज्याचा हात बसला त्याला दोन्ही सारख्याच. सर म्हणाले, "फरक नाही हाही निष्कर्षच असतो, नीट लिही." लिहिते आहे. पण तुला कळवायला मला दहा दिवस लागले. तुझा हात गेला आणि उत्तर आलं, काहीही करा.

आता दुसरं. हे मी तुझ्या बेडशेजारी बसून सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी तोंडापर्यंत आलं होतं. बाबा संत्री सोलत बसले आणि राहिलं.

सव्वीस सप्टेंबरला मानेतल्या नळीला जंतू लागले, ताप चढला, नळी काढावी लागली. तू हट्ट धरलास की नवी नळी अकोल्यातच आणि मीच घालायची. सरांनी परवानगी दिली, ते माझ्या मागे उभे होते. तुझ्या तोंडावर हिरवं कापड टाकलं आणि फक्त मान उघडी राहिली. मी प्रोब आडवा ठेवला, उजवीकडे. जिथं मोठं काळं वर्तुळ दिसायला पाहिजे तिथं करडा गोळा होता. दाबला, दबला नाही. गोठलेलं रक्त. प्रोब उभा केला. तसंच. वरपासून खालपर्यंत भरलेलं. मग डावी बाजू. तिथं शीर होती, पण सुतळीएवढी, आणि खाली जाऊन तीही बुजलेली.

तेवढ्यात कापडाखालून तुझा आवाज आला, "दिसली काय वं?"

मी म्हटलं, "दिसली."

आत्या, नव्हती दिसली. आडवी धरून नाही आणि उभी धरूनही नाही. माझ्या हातात सुई होती आणि ती घालायला जागा नव्हती. मी सरांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि प्रोब माझ्या हातातून घेतला. चतुराबाईंच्या वेळी घेतला होता तसा नाही, अगदी हळू. जांघेतली नळी त्यांनी घातली. तू शुद्धीवर होतीस, म्हणून मी तुला सांगितलं की मानेपेक्षा पायाची सोयीची पडते. खोटं सांगितलं. पायाची नळी जास्त दिवस टिकत नाही. आणि मानेची वाट आता बंद झाली.

तू माझ्यापासून लपवलंस म्हणून मी तुला काय काय लिहिलं होतं. माझी वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. पुढं काय, हे मला माहीत नाही. सरांनाही नाही. मी रोज पुस्तकं उघडते आणि मिटते.

माफ कर.

दर्शू


अमरावती
१५ ऑक्टोबर २०२५

दर्शू,
जय भीम.

अक्षर संध्याचं आहे, बोलणारी मी आहे. मला बसवत नाही.

दोन्ही पद्धती सारख्या निघाल्या, तर त्यात रडायचं काय? पुढच्या पोरीला आता कुणी म्हणणार नाही, आडवीच कर का उभीच कर. जी जमते ती करेल. हे काही कमी नाही. प्रबंधात शेवटी आभार असतात म्हणे. त्यात माझं नाव घालू नकोस, लोक विचारतील.

आणि तू म्हणतेस, खोटं बोलले. मला तेव्हाच कळलं होतं, बाई. तू "दिसली" म्हणालीस आणि सुई टोचली गेली नाही. मी कापडाखाली वाट पाहत होते, तुझा हात माझ्या मानेवर थांबलेला होता. शीर दिसली की हात थांबत नाही, हे तुला मीच शिकवलं ना?

मी काही बोलले नाही. तू एकटीच तिथं उभी होतीस, तेवढं खोटं तरी तुझ्याजवळ राहू द्यावं असं वाटलं.

आता लपवायला कुणाजवळ काही राहिलं नाही. त्यामुळं पत्र नको. पोहोचायला चार दिवस लागतात, आणि मला चार दिवस आता लांब वाटतात. संध्या फोन कानाला धरते म्हणते. मला दम लागेल, मध्ये थांबावं लागेल, तू नुसती लाइनवर राहा.

मशीनचे मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडून कधीही कर. मला सगळं ऐकू येतं.

आत्या